सेव्हर्न नदीकाठी काउंटी क्रिकेटचा एक दिवस

इंग्लंडमधील वूस्टर या गावाचे नाव इंग्रजीत लिहिताना नऊ अक्षरे लागतात आणि उच्चारताना त्यांतील निम्मी गिळून टाकावी लागतात. बर्मिंगहॅमहून आगगाडीने सुमारे तासाभरात तेथे पोहोचता येते. आज आपल्या समाजातील कित्येक घरांतील मुले-मुली नोकरी-व्यवसायानिमित्त बर्मिंगहॅम, लेस्टर, लंडन येथे स्थिरावली आहेत. त्यांचे आईवडील उन्हाळ्यात दोन-तीन महिने तिकडे राहून येतात, राजवाडे व संग्रहालये पाहतात, टेम्स नदीवरच्या पुलावर छायाचित्र काढून घेतात. क्रिकेटची आवड असणारे लॉर्ड्सच्या मैदानाचे दर्शनही घेतात. परंतु एखाद्या काउंटी संघाचा चार दिवसांचा सामना बघावा, त्यातला एक संपूर्ण दिवस बाकावर बसून घालवावा, असे फारसे कोणाला सुचत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात चिरंजीवांकडे मुक्काम असताना मला तो योग आला. मी मूळचा सांगलीचा, आणि नोकरीची बरीच वर्षे बँकेच्या कर्जविभागात गेलेली. त्यामुळे मैदान पाहतानाही माझी नजर अधूनमधून खेळावरून ताळेबंदाकडे वळत होती, हे वाचकांनी समजून घ्यावे.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. अशा अठरा काउंट्यांचे संघ तेथील अजिंक्यपद स्पर्धेत खेळतात. स्पर्धेला अधिकृत स्वरूप १८९० साली आले. वूस्टरशायर तीत १८९९ साली दाखल झाले. सध्या पहिल्या श्रेणीत दहा आणि दुसऱ्या श्रेणीत आठ संघ असून प्रत्येक संघ हंगामात चौदा सामने खेळतो. व्यापारी वाचकांना यापेक्षा अधिक लक्षणीय वाटेल ती गोष्ट मालकीची. अठरांपैकी पंधरा संस्था अद्याप त्यांच्या सभासदांच्या मालकीच्या आहेत. वार्षिक वर्गणी भरणारा निवृत्त शिक्षक, दुकानदार, टपाल खात्यातील कारकून हे त्या संस्थेचे मालक. वार्षिक सभेत प्रत्येकाला एक मत. आपल्याकडील सहकारी पतसंस्थेची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

फोरगेट स्ट्रीट स्थानकावर उतरून मुख्य बाजारपेठेतून सरळ चालत गेले की वूस्टरचे कॅथीड्रल लागते. मॅग्ना कार्टा या सनदेवर १२१५ साली ज्याला मान्यतेची मुद्रा उमटवावी लागली त्या जॉन राजाची समाधी तेथे आहे. कॅथीड्रलच्या पायथ्याशी सेव्हर्न ही ब्रिटनमधील सर्वांत लांब नदी वाहते. नदीच्या बाजूने एक जुनी कमानीची वेस आहे आणि तिच्या भिंतीवर निरनिराळ्या पुरांच्या पाण्याची उंची वर्षासह कोरलेली आहे. त्यांत १७७० व १९४७ या दोन सालांच्या रेषा पाहून मी थबकलो. आमच्या कृष्णेवरील आयर्विन पुलाशी पाण्याची पातळी फुटांत वाचत ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांना ही भिंत परकी वाटणार नाही. पूल ओलांडून पलीकडच्या काठावर गेलो की न्यू रोडचे मैदान. मैदानात बसलेल्या माणसाला नदीपलीकडील कॅथीड्रलचा मनोरा समोर दिसतो. इंग्लंडमधील क्रिकेटचे मैदान म्हणून जे चित्र आपण दिनदर्शिकांवर पाहतो ते बहुधा याच ठिकाणचे असते.

परदेशी संघांचे इंग्लंडचे दौरे पूर्वी वूस्टरपासून सुरू होण्याचा प्रघात होता. डॉन ब्रॅडमन यांनी येथे १९३० साली २३६, १९३४ साली २०६ आणि १९३८ साली २५८ धावा केल्या. १९४८ साली शेवटच्या दौऱ्यात ते १०७ वर बाद झाले. महायुद्धानंतर १९४६ साली आलेल्या भारतीय संघाचा दौराही येथूनच सुरू झाला. त्या संघात सांगलीत जन्मलेले विजय हजारे होते, विजय मर्चंट होते, विनू मंकड होते. पुढे १९५२ साली हजारे भारताचे कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले. ज्या गावात स्मृती मानधना लहानाची मोठी झाली त्या गावच्या तरुण पिढीने हजाऱ्यांचे नावही ध्यानात ठेवावे, एवढे येथे जाता जाता सुचवितो.

सामना सकाळी अकराला सुरू होतो. एक वाजता चाळीस मिनिटांची जेवणाची सुट्टी, चारच्या आधी वीस मिनिटांचे चहापान, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास खेळ संपतो. दिवसाची किमान षटके ९६. तिकीट काढून आत गेल्यावर कोठे बसावे याचे कसलेही बंधन जवळजवळ नव्हते. मोठ्या स्टेडियमवर बसकण सापडेपर्यंतच अर्धा जीव जातो. येथे रिकाम्या बाकांतून निवड करण्यातच पंधरा मिनिटे गेली. आलेल्या मंडळींत साठीच्या पुढची माणसे अधिक. प्रत्येकाजवळ पिशवी, पिशवीत चहाचा थर्मास, डबा, घडीचे रेनकोट, वर्तमानपत्र. काही आजीबाई विणकाम घेऊन आल्या होत्या आणि चेंडू टाकला जाण्याच्या क्षणी न चुकता मान वर करीत होत्या. गोंगाट नाही, गाणी नाहीत, नाचगाणे तर नाहीच. पाहुण्या संघाच्या फलंदाजाने सुंदर चौकार मारला तरी सगळीकडून टाळी पडत होती. त्या टाळीचाही एक आवाज असतो, दहा-बारा ठिकाणी सुटे सुटे वाजणारा. गर्दीच्या टाळीत तो ऐकू येत नाही.

डब्याचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, कारण आपल्या घरांतील मंडळींचा पहिला प्रश्न तोच असतो. सूनबाईंनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सुकी मुगाची उसळ बांधून दिली होती. घरचा डबा उघडून मैदानात जेवणे ही तेथील जुनीच रीत असल्याने आपल्याला अवघडल्यासारखे मुळीच होत नाही. या मैदानावर लेडीज पॅव्हिलियन नावाची एक बैठी वास्तू आहे आणि तेथील घरगुती केक सबंध इंग्लंडातील क्रिकेटप्रेमींत प्रसिद्ध आहेत. रांग लांबलचक असते. केकमध्ये अंडे असतेच असे धरून चालावे. काळा चहा मात्र उत्तम मिळाला. ज्या गावाच्या नावाने वूस्टरशायर सॉस जगभर विकला जातो ते गाव हेच. १८३७ पासून ली अँड पेरिन्स यांचा तो सॉस येथे तयार होतो आणि त्यात अँकोव्ही हे मासे घातलेले असतात. चायनीज पदार्थांत, सूपमध्ये, चाटच्या नव्या तऱ्हांत हा सॉस आता आपल्याकडेही वापरला जातो. तेव्हा हॉटेलात विचारावे आणि दुकानात बाटलीवरील घटकांची यादी वाचावी. चौविहार पाळणाऱ्यांची मात्र तेथे काहीच अडचण होत नाही. जून महिन्यात त्या भागात सूर्य साडेनवाच्या सुमारास मावळतो. खेळ संपवून, गाडीने घरी परतून, स्वस्थपणे जेवून हात धुतले तरी बाहेर लख्ख उजेड असतो.

माझ्या डाव्या हाताला एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांच्या मांडीवर लांबट आकाराची धावलेखनाची वही आणि खिशात चार रंगांच्या पेन्सिली. प्रत्येक चेंडूची नोंद ते स्वतः करीत होते. समोर मोठा धावफलक आहे, खिशातल्या फोनवर सर्व आकडे मिळतात. मग हा खटाटोप कशासाठी, असे मी विचारले. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि हिशेब दाखविला. बँकेतील माणसाला तो पाहून जो आनंद झाला तो मी कसा सांगू! धावलेखन म्हणजे दुहेरी नोंद पद्धत आहे. समजा, फलंदाजांच्या धावांची बेरीज २३१ आणि अवांतर धावा १४, एकूण २४५. आता पानाच्या दुसऱ्या बाजूला गोलंदाजांच्या नावे पडलेल्या धावांची बेरीज करावी. वाईड व नोबॉल त्यांच्या खाती जातात, बाय व लेगबाय जात नाहीत. अवांतर चौदापैकी वाईड-नोबॉल सहा असतील तर गोलंदाजांची बेरीज २३७ झाली पाहिजे. तीत उरलेले आठ बाय-लेगबाय मिळविले की पुन्हा २४५. दोन्ही बाजू जुळल्या तर पान खरे. एका धावेचा फरक आला तर चूक सापडेपर्यंत मागे जावे लागते. सुट्टीच्या वेळेपूर्वी ते गृहस्थ दोन्ही बेरजा करून खाली लाल रेघ ओढीत होते. आमच्या पिढीने दिवसअखेरीस रोकड जुळल्याशिवाय घरी जायचे नसते हे ज्या टेबलांवर शिकून घेतले, ती टेबले मला त्या पानात दिसली.

गुणांची पद्धतही त्यांनीच समजावून दिली. विजयाला १६ गुण, अनिर्णित सामन्याला ८. शिवाय पहिल्या डावातील पहिल्या ११० षटकांत २५० धावा झाल्या की एक जादा गुण, मग ३००, ३५०, ४०० आणि ४५० ला प्रत्येकी एक. गोलंदाजी करणाऱ्या संघाला तिसऱ्या, सहाव्या व नवव्या बळीला एकेक. म्हणून ज्या वेळी सामना संथ आहे असे नवख्याला वाटते त्या वेळी २९० धावांवर खेळणारी जोडी आणि १०४ वे षटक यांच्यामध्ये एका गुणाची झुंज चाललेली असते, आणि बाकावरच्या म्हाताऱ्यांना तिचा पत्ता असतो. हंगामाच्या शेवटी अशाच एकेका गुणावर कोण वर राहणार आणि कोण खालच्या श्रेणीत जाणार हे ठरू शकते. वूस्टरशायर २०२५ च्या अखेरीस पहिल्या श्रेणीतून खाली उतरले. त्याच वर्षी एकदिवसीय सामन्यांचा चषक मात्र त्यांनी जिंकला.

मी महाराष्ट्रातला आहे हे कळताच त्या गृहस्थांनी झहीर खानचे नाव घेतले. श्रीरामपूरचा हा डावखुरा गोलंदाज २००६ साली भारतीय संघाबाहेर होता. तो हंगाम तो वूस्टरशायरकडून खेळला आणि ७८ बळी घेऊन परतला. एसेक्सविरुद्ध एका डावात त्याने १३८ धावांत नऊ गडी बाद केले. आठवड्यामागून आठवडा तीन-चार दिवस गोलंदाजी करायची, निरनिराळ्या खेळपट्ट्यांवर चेंडूचे वळण शिकायचे, अशी ती उमेदवारी होती. वर्ष संपायच्या आत तो भारतीय संघात परत आला, आणि २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. श्रीरामपूरच्या बाजारपेठेतील आपल्या मंडळींनी हे वाचून कॉलर ताठ करायला हरकत नाही. वूस्टरच्या त्या वृद्धाच्या दृष्टीने मात्र झहीर हा ‘आमचा’ होता.

मैदानाच्या एका सज्जाला बेसिल डि’ऑलिव्हेरा यांचे नाव आहे. दक्षिण आफ्रिकेत कातडीच्या रंगामुळे ज्यांना देशाकडून खेळण्याची दारे बंद होती, असे हे खेळाडू १९६४ साली वूस्टरशायरमध्ये आले व पुढे इंग्लंडकडून खेळले. १९६८ साली त्यांचा समावेश असलेल्या इंग्लंडच्या संघाला दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नकार दिला आणि तो दौराच रद्द झाला. त्यांचे पुत्र डेमियन याच काउंटीकडून खेळले, आणि नातू ब्रेट २०२२ पासून संघाचा कर्णधार झाला. तीन पिढ्या एकाच पेढीवर! आपल्याकडे हे उदाहरण समजायला वेळ लागणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी मैदानाला एक फेरी मारली. पॅव्हिलियन जमिनीपासून चांगले उंच उचललेले आहे. कडेचे हॉटेल खांबांवर उभे आहे. कारण उघड आहे, सेव्हर्न दर हिवाळ्यात या मैदानात उतरते. पाणी ओसरले की गाळ राहतो, तो धुऊन काढावा लागतो, गवत पुन्हा रुजवावे लागते आणि एप्रिलमध्ये खेळपट्टी तयार ठेवावी लागते. २००७ साली तर पूर ऐन उन्हाळ्यात आला. सामने रद्द झाले, उरलेले दुसरीकडे हलवावे लागले आणि संस्थेचे मोठे आर्थिक नुकसान झाले. २०२३-२४ च्या हिवाळ्यात मैदान इतक्या वेळा बुडाले की २०२४ च्या हंगामारंभी घरचा सामना पंचवीस-एक किलोमीटरवरच्या किडरमिन्स्टरला घ्यावा लागला. इंग्लंडचे माजी फिरकी गोलंदाज ॲशली जाइल्स हे संस्थेचे कार्यकारी प्रमुख. कधीतरी न्यू रोड सोडून जावे लागेल, ही शक्यता त्यांनी उघडपणे बोलून दाखविली आहे.

येथे मला स्वस्थ बसवेना. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांत सांगलीची गणपती पेठ, मारुती चौक आणि वखारभाग यांनी काय सोसले ते मी पाहिले आहे. पाणी उतरल्यावर व्यापारी भिजलेल्या चोपड्या दोरीवर वाळत घालून त्यांतील उधारी वाचता येते का ते पाहत होते. प्रत्येक पुरानंतर बँकेत हाच प्रश्न निघे की दुकान उंचावरच्या नव्या वस्तीत का नेत नाही. कागदावर उत्तर सोपे होते. परंतु गिऱ्हाईक आजोबांच्या काळापासून ज्या पायरीवर चढते ती पायरी हलवली तर पत हलते, असे ते म्हणत. ताळेबंदात या पतीला ‘गुडविल’ म्हणून एक ओळ असते आणि बहुतेक लहान पेढ्यांच्या ताळेबंदात तेथे शून्य लिहिलेले असते. काहींनी दुकाने हलविली आणि त्यांचे बरे झाले. काहींचे झाले नाही. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला याचा नियम कधी सापडला नाही.

मी शेजाऱ्यांना विचारले की सभासदांच्या सभेत हा ठराव आला तर आपण हात वर करणार का? त्यांनी आधी चेंडू टाकला जाऊ दिला, नोंद केली आणि मग सावकाश सांगितले की आपण ५० वर्षांहून अधिक काळ सभासद आहोत. ही जमीन १९७६ पर्यंत कॅथीड्रलच्या धर्मसंस्थेच्या मालकीची होती. सभासदांच्या संस्थेने ती तेव्हा विकत घेतली, त्या वेळचे दिवस त्यांना आठवत होते. विकत घेतलेली जागा सोडायला जड जाते, असे ते म्हणाले. परंतु ज्या वर्षी क्लबला पुरामुळे सामनेच घेता येणार नाहीत त्या वर्षी जागा घेऊन काय करायचे, असेही तेच म्हणाले. मत काय देणार ते त्यांनी सांगितले नाही. हिशेबी माणूस होता.

प्रश्न केवळ पाण्याचा नाही. रिकामे बाक मी मोजले नाहीत, पण दाराशी जमा होणाऱ्या पैशावर चार दिवसांचे क्रिकेट चालत नाही हे सांगायला मोजणीची आवश्यकता नव्हती. मंडळाकडून येणारे अनुदान, वीस षटकांच्या सामन्यांची गर्दी, लग्नसमारंभ व परिषदांना भाड्याने दिलेली दालने यांवर काउंट्या तग धरतात. २०२१ पासून तेथे शंभर चेंडूंची स्पर्धा सुरू झाली. तिच्या आठ संघांतील हिस्से २०२५ साली विकण्यात आले आणि त्यातून पाचशे दशलक्ष पौंडांहून अधिक रक्कम ठरली. खरेदीदारांत रिलायन्स, चेन्नईचा सन समूह, जीएमआर व आरपीएसजी ही आपल्या देशातील घराणी आहेत. या रकमेचा वाटा सर्व अठरा काउंट्यांना मिळणार आहे, वूस्टरशायरसारख्या ज्यांच्या मैदानावर ही स्पर्धा होत नाही त्यांनाही. एकरकमी आलेला पैसा घरखर्चात विरतो की भांडवलात राहतो, हे आपल्याकडे वडिलोपार्जित जमीन विकलेल्या कुटुंबांत आपण पाहतच आलो आहोत. माझ्या मते काउंट्यांची खरी परीक्षा पुढच्या दहा वर्षांत आहे. वूस्टरशायरला तर या पैशातून कर्ज फेडायचे, भिंत उंच करायची की नवी जागा पाहायची, हे नदीकडे पाहत ठरवावे लागेल.

मधल्या काळात चौदा सामने कमी करून तेरा करावेत असा प्रस्ताव आला होता. खेळाडूंना विश्रांती हवी, हे त्यामागील कारण खोटे नव्हते. २०२५ च्या सप्टेंबरात काउंट्यांनी मतदान केले. बदलासाठी दोन तृतीयांश बहुमत आवश्यक होते आणि ते मिळाले नाही. चौदा सामने कायम राहिले.

यंदा उन्हाळ्यात ज्यांचे तिकडे जाणे आहे त्यांच्यासाठी थोडे. हंगाम एप्रिलच्या आरंभी सुरू होऊन सप्टेंबरअखेर संपतो. एप्रिल-मेमध्ये गेलात तर स्वेटरवर कोट आणि कानटोपी घालूनच बसावे, मैदानावर नदीचा वारा येतो. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर चार दिवसांचे सामने जवळजवळ नसतात, तेव्हा तारखा आधी पाहाव्यात. शक्य असल्यास सामन्याचा दुसरा किंवा तिसरा दिवस निवडावा. चौथ्या दिवशी खेळ दुपारीच आटोपण्याचा संभव असतो. नातवंडांना बरोबर न्यावे. बऱ्याच काउंटी मैदानांवर सुट्टीत प्रेक्षकांना सीमारेषा ओलांडून हिरवळीवर जाऊ देतात, खेळपट्टीभोवतीच्या दोरीपर्यंत. माझ्या आठ वर्षांच्या नातवाने तेथे उभे राहून खेळपट्टी इतकी कोरडी का आहे असे मैदान राखणाऱ्या माणसाला विचारले, आणि त्या माणसाने हातातले काम ठेवून दहा मिनिटे त्याला उत्तर दिले.